समुद्रातलं दगडी शेवाळ ओळखावं कसं?



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, हे काय मधेच काढलं? भात, आंबा, ऊस, कापूस सोडून समुद्रातल्या शेवाळाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुमच्या खिशापर्यंत पोचणारा आहे. तेव्हा जरा निवांत बसा. हे पत्रक हाती आलं असेल तर सवडीनं वाचा, आणि घरात भिंग असेल तर तेही शोधून ठेवा. त्याचं आज काम आहे.

आंब्याची आवराआवर झाल्यावर रत्नागिरीकडचे एक बागायतदार काका माझ्याकडे आले होते. जांभ्याच्या कातळावर सुरुंग लावून, खड्डे भरून उभी केलेली त्यांची बाग. त्यांनी पिशवीतून तीन जिन्नस काढले आणि टेबलावर मांडले.

पहिला जिन्नस म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरी-गुलाबी जाडसर भरड. बाजारातल्या एका विक्रेत्यानं त्यांना ती दिली होती. सांगताना म्हणाला होता, "हे थंड मुलखातलं कोरॅलिना नावाचं सागरी शेवाळ आहे. झाडाला दोन मुठी घाला, मोहोर गळायचा नाही." भाव असा, की चुन्याचं अख्खं पोतं यावं त्या पैशांत ही भरड जेमतेम दोन किलो. दुसरा जिन्नस होता एका वहीत दाबून वाळवलेली फिकट जांभळट-गुलाबी डहाळी. आणि तिसरा, काडेपेटीत भरलेले पांढरे, आल्याच्या बारीक बोटांसारखे वेडेवाकडे खडे. हे दोन्ही त्यांच्या पुतणीनं आणले होते. ती आयर्लंड देशात गॉलवे शहरात परिचारिका आहे. सुट्टीला घरी आली तेव्हा गंमत म्हणून घेऊन आली.

काका म्हणाले, "साहेब, पोरगी म्हणते हे तिकडच्या खडपावर असंच उगवतं, कुणी विचारत नाही. विकणारा म्हणतो, सोन्याच्या मोलाचं आहे. तुम्ही सांगा, तिन्ही एकच का?"

तिन्ही एकच नव्हते. वहीतली डहाळी आणि काडेपेटीतले खडे, ही एका कुळातली भावंडं. पिशवीतली भरड मात्र त्या कुळातली नव्हेच. हे मी त्यांना कसं दाखवलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी वहीतली डहाळी घेऊ. कोरॅलिना म्हणतात ती हीच. शास्त्रातलं तिचं पूर्ण नाव कोरॅलिना ऑफिसिनॅलिस. थंड आणि समशीतोष्ण समुद्राची ही वनस्पती. आइसलँड, नॉर्वे, ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स या देशांच्या अटलांटिक किनाऱ्यावर ती मुबलक आढळते. लाल शेवाळांच्या गटातली. पण हात लावला तर शेवाळ वाटत नाही. खरखरीत, दगडासारखी लागते. बोटांत दाबली तर करकरते. याचं कारण असं, की आपल्या पेशींच्या भिंतींमध्ये ती चुना साठवते. आपण घर बांधताना विटांमध्ये चुना भरतो ना, तसाच प्रकार. तो चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात थोडं मॅग्नेशियमही असतं.

तुम्ही विचाराल, सगळी डहाळी दगडाची, तर लाटेच्या एका तडाख्यात तिचे तुकडे कसे होत नाहीत? इथंच तिची पहिली खूण आहे. तिला सांधे असतात. आपली कांडवेल सगळ्यांनी पाहिली आहे. कांडं, मग सांधा, पुन्हा कांडं. कोरॅलिना तशीच, फक्त फार बारीक. कांड्यात चुना असतो आणि सांध्यात तो नसतो. त्यामुळे कांडं टणक राहतं आणि सांधा वाकतो. लाट आली की सगळी डहाळी मण्यांच्या माळेसारखी लवते आणि लाट परतली की उभी राहते. कांड्याचा आकारही पाहून ठेवा. खाली निमुळतं, वर रुंद, थोडं चपटं, पाचरीसारखं. भिंगाखाली हे फार स्पष्ट दिसतं.

दुसरी खूण फांद्यांची, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची हीच. चिंचेचं पान डोळ्यांपुढे आणा. मधला दांडा, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीनं बसलेल्या पानोळ्या. कोरॅलिनाच्या फांद्या तशा येतात. मधल्या दांड्याच्या कांड्याकांड्यावरून समोरासमोर दोन फांद्या फुटतात, आणि सगळी डहाळी मिळून पिसासारखी दिसते. प्रत्येक डहाळी इतकी रेखीव नसते. लाटांनी झोडपलेल्या जागी ती खुरटते, फांद्या तुटतात, बुटका दाट गालिचा होतो. शांत डबक्यात वाढली तर चांगली लांब होते. फार तर 12 सेंटिमीटर, त्याहून मोठी सहसा नाही. म्हणून एकाच डहाळीवरून निकाल देऊ नये. पाच-सहा पाहाव्यात.

तिसरी खूण बुडाशी. शेवाळाला मूळ नसतं. ते खडकाला धरून बसतं. कोरॅलिनाच्या बुडाशी गुलाबी रंगाची, दगडासारखी घट्ट पापडी असते. तीही चुन्याचीच. खडकावर कुणी गुलाबी रंग सांडून वाळवला असावा, तशी ती दिसते. त्या एका पापडीतून अनेक डहाळ्या वर येतात. म्हणून नमुना नुसता शेंड्याचा तोडला तर अर्धी ओळख खडकावरच राहून जाते. काकांच्या पुतणीनं मात्र, तिला हे ठाऊक नसतानाही, वाहून आलेली अख्खी डहाळी उचलली होती, आणि तिच्या बुडाला पापडीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा चिकटून होता. मला फार बरं वाटलं.

रंगाबद्दल एक सावधगिरी सांगतो. जिवंत कोरॅलिना जांभळट-गुलाबी असते, शेंडे किंचित पांढरट. पण उथळ डबक्यात उन्हाळ्याच्या उन्हाने ती फिकी पडते, आणि मेली की पार पांढरी होते. वाळूत पडलेले पांढरे तुकडे पाहून लोक त्यांना हाडं म्हणतात, शंख म्हणतात, प्रवाळ म्हणतात. हल्ली मोबाईलवर फोटो पाठवून "हे काय आहे?" असं विचारण्याची पद्धत पडली आहे. फोटोतल्या रंगावर अजिबात जाऊ नका. सांधे दिसतील असा जवळून काढलेला फोटो असेल तर काही बोलता येतं, नाहीतर नाही.

भिंग चांगलं असेल तर फांद्यांच्या टोकांना आणखी एक गोष्ट दिसेल. बारीक मडक्यासारखे फुगवटे, आणि त्यांच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक. त्यात तिची बीजं तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना बीजाणू म्हणतात. बारा महिने दिसतीलच असं नाही, पण दिसले तर शंका उरत नाही की ही वनस्पती आहे.

ही शंका लहानसहान नव्हती बरं का. शहाण्यासुरत्या माणसांनाही पडली होती. 1755 साली जॉन एलिस नावाच्या इंग्रज अभ्यासकानं पुस्तक लिहून मांडलं, की हे प्राणीच आहेत. 1758 साली लिनियसनं, ज्यानं सगळ्या जीवांना दुहेरी नावं द्यायची पद्धत घालून दिली त्यानं, कोरॅलिनाला नाव दिलं आणि तिला प्राण्यांच्या यादीत बसवलं. प्रवाळ हा प्राणी, ही त्याच्यासारखी टणक, म्हणून हीसुद्धा प्राणी, असा तो हिशेब. पुढं 1837 साली फिलिप्पी नावाच्या जर्मन अभ्यासकानं अशी काही दगडी शेवाळं तपासून ती वनस्पतींत घातली. तेव्हा तुम्ही-आम्ही पहिल्या नजरेला फसलो तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'ऑफिसिनॅलिस' या नावाचा अर्थ औषधवाल्याच्या दुकानात मिळणारी. त्या काळी युरोपात जंतांवर ती देत असत. तेवढ्यावरून कुणी आज तुम्हाला 'औषधी' म्हणून विकायला आलं तर घेऊ नका. ती शंभर-दोनशे वर्षांमागची गोष्ट झाली.

आता परीक्षा. घरी होईल अशी आहे. नमुन्याचा लहानसा तुकडा काचेच्या पेल्यात ठेवा आणि त्यावर व्हिनेगर ओता. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतील. आपण चुनखडीच्या जमिनीची माती आम्ल टाकून तपासतो, तेव्हा जशी फसफसते तसंच. आता बहुतेक जण इथंच थांबतात आणि म्हणतात, झालं, फसफसलं, म्हणजे खरं. अहो, शिंपलाही फसफसतो, प्रवाळही फसफसतं, अंड्याचं कवचही फसफसतं! फसफसण्यावरून एवढंच कळतं की त्यात चुना आहे.

खरी गंमत पुढं आहे. पेला तसाच रात्रभर राहू द्या. जरूर वाटली तर दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. सगळा चुना विरघळून गेला, बुडबुडे थांबले, की पेल्यात काय उरतं ते पाहा. कोरॅलिना असेल तर अख्ख्या डहाळीच्या आकाराची मऊ, लवचिक वनस्पती उरते. हाडं काढून घेतलेल्या देहासारखी, पण आकार तोच, फांद्या त्याच. शिंपला असेल तर पातळ पापुद्रा किंवा त्याची फोलपटं उरतात. नुसती चुनखडी असेल तर तळाशी थोडा गाळ. काकांसमोर मी तीन पेले मांडले आणि त्यांना म्हटलं, आज मुक्काम करा, उद्या सकाळी बोलू.

सकाळी पहिल्या पेल्यात, म्हणजे विक्रेत्याच्या भरडीच्या पेल्यात, काही फोलपटं तरंगत होती आणि तळाशी अजून न विरघळलेले तुकडे होते. ते भिंगाखाली धरले. एकावर पंख्यासारख्या रेषा, एकाला बिजागरीचा दात, एकाची आतली बाजू गुळगुळीत चकचकीत. काकांनी एक तुकडा हातात घेतला आणि स्वतःच म्हणाले, "ही तर तिसरी!" समुद्रकाठी जन्म गेलेला माणूस, शिंपला ओळखायला त्यांना माझी गरज नव्हती. गुलाबी छटा बघून आणि परदेशी नाव ऐकून त्यांची नजर तेवढी बांधली गेली होती. पिशवीत तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांची भरड होती. शिंपल्यांचा चुना आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या भाजत आले. तो वाईट नाही. पण शिंपल्याला शेवाळाचा भाव का म्हणून द्यायचा?

दुसऱ्या पेल्यात डहाळीचा तुकडा मऊ होऊन लोंबत होता.

तिसऱ्या पेल्यातले खडे हट्टी होते, पुरते विरघळलेच नाहीत. पण हे खडेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहेत, म्हणून त्यांच्यावर थोडा जास्त वेळ घेतो. गॉलवेच्या पश्चिमेला कॅरारो नावाचं गाव आहे. तिथल्या एका पुळणीला लोक प्रवाळाची पुळण म्हणतात. पांढरी, चालताना पायाखाली कुरकुरणारी. पण तिथं प्रवाळ नाही. ते सगळे दगडी शेवाळाचे मेलेले तुकडे आहेत. या शेवाळाला युरोपात मेर्ल म्हणतात. कोरॅलिना खडकाला धरून राहते, तर मेर्ल मोकळं, समुद्राच्या तळावर सुटं पडलेलं असतं. त्याला सांधे नाहीत, बुडाशी पापडी नाही. गाठाळ, फाटे फुटलेला खडा, आल्याच्या किंवा हळकुंडाच्या बारीक फाट्यासारखा. जिवंतपणी जांभळट, मेल्यावर पांढरा. वाकवायला गेलात तर वाकत नाही, कट्कन मोडतो. प्रवाळाच्या तुकड्यावर बहुधा चांदण्यांच्या आकाराची बारीक भोकं दिसतात, एकेका किड्याच्या घराची. मेर्लवर तशी चांदणी नसते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ झालं.

या मेर्लचा शेतीशी संबंध जुना आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, आणि खाडीपलीकडे फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत. दोन्हीकडे ग्रॅनाइटचा खडक, पाऊस भरपूर, आणि जमीन आम्लधर्मी. आपल्या कोकणात खडक वेगळा, ऊन वेगळं, पण गत तीच. मुसळधार पावसानं जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. तिथले शेतकरी समुद्रतळावरचं मेर्ल काढून, वाळवून, दळून शेतात घालीत. कॉर्नवॉलमधल्या फालमथच्या मेर्लची नोंद जॉन रे या निसर्गअभ्यासकानं 1690 सालीच केलेली आहे. पुढं यांत्रिक बोटी आल्या आणि टनांनी उपसा सुरू झाला. 'चुनायुक्त समुद्रशेवाळ' म्हणून जो माल जगभर प्रसिद्ध झाला तो हा. कोरॅलिनाच्या डहाळ्या कुणी शेतासाठी खरवडत बसत नाही. तेवढ्या निघणारही नाहीत.

पण मेर्ल वाढतं किती? वर्षाला एक मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे काकांच्या काडेपेटीतला करंगळीएवढा खडा हा त्यांच्या बागेतल्या जुन्या कलमांपेक्षाही जुना असू शकेल. असे थर साचायला हजारो वर्षं लागली, आणि त्यांच्या फटीफटीत माशांची पिल्लं, शिंपले, खेकडे वाढतात. एकदा उपसलं की आपल्या नातवंडांच्याही हयातीत ते भरून येत नाही. म्हणून युरोपात 1992 च्या निसर्गरक्षणाच्या कायद्यात मेर्लच्या दोन मुख्य जातींची नावं घातली गेली. फालमथचा उपसा 2005 साली थांबला. आइसलँडच्या एका खाडीतून मात्र तळावर साचलेला माल अजून काढला जातो, आणि तो मुख्यतः जनावरांच्या व माणसांच्या पूरक आहारात जातो. तेव्हा कुणी दारात येऊन स्वस्तात पोतं-पोतं अस्सल मेर्ल देऊ लागला तर तुम्हीच हिशेब करा, एवढं ते आलं कुठून?

समजा, अस्सल मिळालं. तरी शेतात ते काय करणार? चुन्याचं काम करणार. मातीचा आंबटपणा कमी करणार, थोडं मॅग्नेशियम देणार. हेच काम शेतीचा चुना करतो, आणि मॅग्नेशियमही हवं असेल तर डोलोमाईट करतो. झाडाच्या मुळाला कॅल्शियम समुद्रातून आलं की खाणीतून, हे कळत नाही. म्हणून खर्च करण्याआधी माती तपासा. सामू किती ते पाहा. जांभ्याच्या जमिनीत सामू खाली असेल तर माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे, सांगितलं असेल तेवढाच चुना द्या.

आणि घाटावरच्या, देशावरच्या, विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनो, तुमची काळी जमीन आधीच चुनखडीची. तिथं शेवाळाच्या नावानं आणखी चुना घालणं म्हणजे केवड्याला आमंत्रण. उसाची, भुईमुगाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तो केवडा तुम्ही पाहिलेला आहे. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळाला ते घेता येत नाही. पैसे देऊन हे दुखणं विकत घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

इथं द्राक्षबागायतदार हटकून विचारतात, "मग आम्ही फवारतो तो समुद्रशेवाळाचा अर्क, तोही फसवणूकच का?" नाही, तसं म्हणू नका. तो जिन्नस वेगळा. तो मऊ शेवाळापासून काढतात. एक म्हणजे अ‍ॅस्कोफायलम, उत्तर अटलांटिकचं तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं, मधे हवेच्या फुग्यांच्या गाठी असलेलं. दुसरं कप्पाफायकस. ते आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दोरांवर लावतात, आणि त्याचा रस काढायची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनं बसवली. कप्पाफायकस हेसुद्धा लाल शेवाळांतलंच, पण त्यात चुन्याची कांडी नाहीत. बोटांना रबरासारखं लागतं. म्हणून 'लाल समुद्रशेवाळ' एवढ्या शब्दांवर भागत नाही. मऊ की दगडी, हा पहिला प्रश्न विचारा. अर्काचं एक बरं आहे. 2021 सालापासून असे पदार्थ जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचा आणि पक्की पावती घ्या.

गॉलवेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या शहरासमोरच्या आखातात अ‍ॅरन नावाची बेटं आहेत. उघडा चुनखडीचा कातळ. तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळू आणि मऊ शेवाळ पाठीवरून वाहून कातळावर पसरलं, कुजवलं, माती केली आणि त्यात बटाटे पिकवले. कातळ फोडून बाग करणाऱ्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखेच." पण पाहा, चुनखडीच्या बेटावर त्यांनी दगडी शेवाळ नेलं नाही, कुजणारं नेलं. त्यांना काय कमी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मालवण, रत्नागिरीच्या खडपांवर उधाणाची ओहोटी खाली उतरली की तुम्हालाही गुलाबी, टणक, सांध्यांची झुडुपं दिसतील. धावत येऊन मला "कोरॅलिना सापडली" म्हणू नका. आपल्या उबदार समुद्रात तिचे चुलत भाऊ-बहिणी राहतात. जानिया आणि अ‍ॅम्फिरोआ अशी त्यांची नावं. फांद्या पाहिल्या की फरक कळतो. कोरॅलिनाच्या फांद्या चिंचेच्या पानासारख्या समोरासमोर, तर या दोघींच्या फांद्या बेचकीसारख्या, एकाच्या दोन, दोनाच्या चार. जानिया केसासारखी बारीक, आणि पुष्कळदा दुसऱ्या शेवाळावर वाढलेली. अ‍ॅम्फिरोआची कांडी लांब, सळईसारखी. पण त्या खरवडून आणू नका. त्यांच्या दाटीत बारीकसारीक जीव लपून राहतात, आणि मालवणचा सागरी भाग तर 1987 सालापासून अभयारण्य आहे. भिंग घेऊन डबक्याशी बसा, तिथंच पाहा, आणि भरती चढायच्या आत परत फिरा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोरॅलिनाच्या कुळातच एकीसारख्या एक अशा जाती आहेत. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ज्या झुडपांना वर्षानुवर्षं सगळे कोरॅलिना ऑफिसिनॅलिसच म्हणत आले, त्यांतली काही वेगळ्याच जातीची निघाली, आणि 2009 साली त्या जातीला कोरॅलिना सेस्पिटोसा असं नाव मिळालं. ही जनुकांच्या तपासणीची किमया. नुसत्या डोळ्यांनी त्या दोघींत खात्रीनं फरक करणं तिथल्या जाणत्यांनाही अवघड जातं. म्हणून मी काकांच्या वहीत डहाळीखाली लिहून दिलं, "कोरॅलिना, बहुधा ऑफिसिनॅलिस." ते हसले. म्हणाले, "साहेब, विकणाऱ्याला 'बहुधा' ठाऊकच नव्हता."

काका परत जाऊन मातीचा नमुना देऊन आले. अहवालात सामू खाली होता, चुना हवाच होता. त्यांनी तो साध्या पोत्यातून घेतला. दोन किलोंची ती पिशवी फुकट घालवायची नाही म्हणून अंगणातल्या नारळाच्या आळ्यात पसरून टाकली. शिंपला तो, सावकाश विरघळेल.

आता शेवटचं. तुमच्यापैकी कुणाला अशी भरड कुणी विकायला आणली आणि खात्री करून घ्यायची असेल, तर न दळलेला नमुना मागा. दळलेल्या पिठात सांधा, फांदी, बिजागरी काहीच उरत नाही, आणि मग चुना आहे एवढंच सांगता येतं. देणारा न दळलेला नमुना देत नसेल तर माल घेऊ नका. नमुना मूठभर, कोरडा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणा. ओला करून प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कुजून वास मारतो. सोबत चिठ्ठीवर लिहा, कुठून आणला, कधी, कुणी काय म्हणून दिला, आणि तो कोणत्या जमिनीत घालायचा विचार आहे. मातीचा अहवाल असेल तर तोही त्याच पुडक्यात ठेवा.